रस्त्यावरून पाहणारा नियम

कादंबरी वाचताना आपण विचारतो की निवेदक कुठे उभा आहे, त्याला काय दिसतं, काय दिसत नाही. नियम वाचताना मात्र 'काय चालतं आणि काय चालत नाही' एवढं बघून पान बंद करतो. पण नियमालाही निवेदक असतो. तोही कुठल्या तरी कोपऱ्यात उभा राहून जगाकडे बघत असतो आणि त्याला जे दिसतं त्याचीच मोजमापं घेत असतो.

इंग्लंडमध्ये घरावर सॅटेलाइट डिश लावण्याबद्दलचा नियम या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. मजकूर जेमतेम दीड पानाचा. विषय इतका रटाळ की तो मुद्दाम उघडून कोणी वाचणार नाही. पण एक मोठा प्रश्न त्यात गुपचूप निकालात निघालेला आहे. घराच्या बाहेरच्या भिंतीवर जास्त हक्क कोणाचा? समोरून जाणाऱ्याचा, की आत राहणाऱ्याचा?

नियम काय म्हणतो

इंग्लंडमध्ये घराच्या बाहेरच्या रूपात बदल करायचा तर सर्वसाधारणपणे स्थानिक कौन्सिलची नियोजन परवानगी लागते. प्रत्येक किरकोळ कामासाठी अर्ज करायला लावलं तर कौन्सिल बुडून जाईल, म्हणून सरकारने काही कामांना आधीच सरसकट परवानगी देऊन ठेवली आहे. याला 'परमिटेड डेव्हलपमेंट' म्हणतात. मर्यादेत राहा, विचारायला येऊ नका. २०१५च्या आदेशातल्या दुसऱ्या परिशिष्टाच्या पहिल्या भागात 'क्लास एच' नावाचं कलम आहे, ते डिशचं.

घरावर आणि त्याच्या आवारात मिळून जास्तीत जास्त दोन अँटेना. एकच असेल तर तिची लांबी १०० सेंटिमीटरपर्यंत. दोन असतील तर त्यातली एकच ६० सेंटिमीटरपेक्षा मोठी चालेल. धुराड्यावर लावायची तर ६० सेंटिमीटरच्या आत, आणि धुराड्याच्या वर डोकं काढायचं नाही. आकारमान ३५ लिटरपेक्षा जास्त नको. छपराला धुराडं नसेल तर डिश छपराच्या वर जाता कामा नये. धुराडं असेल तर आढ्याच्या कौलांपासून ६० सेंटिमीटर किंवा धुराड्याचं टोक, यातलं जे कमी असेल तिथपर्यंत.

मजकूर म्हणून हे चांगलं लिखाण आहे, हे आधी कबूल करायला हवं. लांबी मोजताना पुढचा दांडा, कडेची पट्टी आणि भिंतीवरचा ब्रॅकेट धरायचा नाही, हेही त्यात सांगितलंय. ज्याने कधी सॉफ्टवेअरचं स्पेसिफिकेशन वाचून डोकं धरलंय त्याला या नेमकेपणाची किंमत कळेल. टेप घेऊन कोणीही उभं राहिलं तरी उत्तर एकच येईल. अधिकाऱ्याच्या मर्जीवर फारसं काही सोडलेलं नाही.

दोन अटी मात्र टेपने मोजता येत नाहीत. पहिली, इमारतीच्या बाह्यरूपावर होणारा परिणाम 'व्यवहार्य असेल तितका' कमी होईल अशा जागी डिश लावा. दुसरी, गरज संपली की ती लवकरात लवकर काढून टाका. यातला 'व्यवहार्य असेल तितका' हा शब्दप्रयोग लक्षात ठेवा. माझ्या मते या कलमातली सगळ्यात माणुसकीची जागा ती आहे.

कॅमेरा कुठे ठेवलाय

आता खरा मुद्दा. संवर्धन क्षेत्रं, राष्ट्रीय उद्यानं, जागतिक वारसास्थळं अशा संरक्षित भागांसाठी याच कलमात एक जादा बंधन आहे. जी भिंत, जो छपराचा उतार किंवा जे धुराडं रस्त्याकडे तोंड करून आहे आणि रस्त्यावरून दिसतं, त्यावर डिश लावायला ही सरसकट परवानगी लागू होत नाही. लावायची तर रीतसर अर्ज करा.

संरक्षित म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजवाडे येतात. पण इंग्लंडमध्ये सुमारे दहा हजार संवर्धन क्षेत्रं आहेत. त्यात साध्या विटांच्या, एकमेकांना चिकटून असलेल्या घरांच्या गल्ल्याही येतात, जिथे नर्स, बसचालक आणि विद्यार्थी राहतात.

नियमाचा कॅमेरा कुठे आहे ते इथे उघड होतं. तो रस्त्यावर आहे. रस्त्यावरून काय दिसतं यावर परवानगी ठरते. डिशला काय दिसतं हा प्रश्न या बंधनात कुठेही नाही.

आणि डिशला काय दिसतं ही हौसेची बाब नाही, ती भूमिती आहे. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर, पृथ्वीच्या फिरण्याच्या वेगानेच फिरतात, म्हणून आकाशात एका जागी थांबल्यासारखे दिसतात. लंडनमधून बघितलं तर ते सगळे दक्षिणेच्या बाजूला, बऱ्यापैकी खाली असतात. ब्रिटनच्या 'स्काय' सेवेचे उपग्रह २८.२ अंश पूर्व रेखांशावर आहेत. लंडनमधल्या डिशला त्यासाठी आग्नेयेकडे, क्षितिजापासून फक्त २५ अंश वर बघावं लागतं. मध्ये भिंत आली, झाड आलं, की चित्र गेलं.

आता पूर्व-पश्चिम जाणारी एक गल्ली डोळ्यांपुढे आणा. दोन्ही बाजूंना घरांच्या रांगा. दक्षिणेकडच्या रांगेतल्या घरांची मागची बाजू दक्षिणेला आहे. ते मागच्या भिंतीवर डिश लावतात, रस्त्यावरून ती दिसत नाही, प्रश्न मिटला. उत्तरेकडच्या रांगेचं तोंडच दक्षिणेला, म्हणजे रस्त्याकडे आहे. त्यांच्या मागच्या भिंतीवरून उपग्रह दिसतच नाही, कारण मध्ये त्यांचंच घर उभं आहे. मागच्या बागेत खांब रोवून नऊ मीटर उंच आढ्यावरून पलीकडे बघायचं म्हटलं, तर डिश आढ्याच्या रेषेपासून साधारण सोळा मीटर मागे न्यावी लागेल. शहरात तेवढी बाग किती जणांकडे असते?

एक पळवाट उरते. घराला धुराडं असेल तर छपराच्या मागच्या उतारावर डिश लावून ती आढ्याच्या वर ६० सेंटिमीटरपर्यंत उचलता येते. ४५ सेंटिमीटरची डिश त्यात कशीबशी बसते. मीटरभराची बसत नाही. म्हणजे एकाच गल्लीत, एकाच नियमाखाली, समोरासमोरच्या दोन घरांना दोन वेगळी उत्तरं मिळतात. त्यात कोणाचा दोष? घराचं तोंड कुठे असावं हे शंभर वर्षांपूर्वीच्या बिल्डरने ठरवलेलं असतं.

मीटरभराची डिश कोणाला लागते

वर ४५ सेंटिमीटर आणि मीटरभर असा फरक केला, त्यातच पुढची गोष्ट दडली आहे.

उपग्रह आपला सिग्नल जमिनीच्या ठरावीक तुकड्यावर टाकतो. त्या तुकड्याच्या मध्यभागी सिग्नल जोरदार, कडेला अशक्त. 'स्काय'चा सिग्नल ब्रिटनसाठीच रोखलेला, म्हणून तिथे छोटी डिश पुरते. पण तुर्की वाहिन्या ४२ अंश पूर्वेच्या तुर्कसॅटवर असतात. लंडनमधून तो उपग्रह क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर दिसतो. जो सिग्नल दुसऱ्या देशासाठी सोडलेला आहे तो कडेवर उभं राहून पकडायचा तर डिश मोठी लागते. व्यास दुप्पट केला की सिग्नल गोळा करणारं क्षेत्रफळ चौपट होतं, एवढं साधं गणित आहे.

म्हणजे आकाराची मर्यादा सगळ्यांना सारखी असली तरी ती सगळ्यांना सारखी लागत नाही. क्रिकेट आणि फुटबॉल इंग्रजीत बघणाऱ्याला ती लागतच नाही. आपल्या आजीच्या भाषेतल्या बातम्या बघणाऱ्याला ती पहिल्या दिवशी लागते.

फ्लॅटच्या इमारतींमध्ये हे आणखी टोकदार होतं. सरकारने २००८ साली घरमालकांसाठी अँटेनांबद्दल एक मार्गदर्शक पुस्तिका काढली होती. त्यात स्पष्ट म्हटलंय की संख्येची मर्यादा अख्ख्या इमारतीसाठी आहे, प्रत्येक फ्लॅटसाठी वेगळी नाही. १५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या इमारतीला दोन, त्याहून उंच इमारतीला चार. चाळीस बिऱ्हाडं आणि चार डिश. म्हणजे आधी आला त्याला मिळाली. यावर उपाय म्हणून सामायिक डिश सुचवली जाते. एका डिशवरून सगळ्या घरांत केबल. कल्पना चांगली आहे, पण सामायिक डिशचं तोंड कुठे करायचं? ते बहुमताच्या उपग्रहाकडेच होणार. दोन-तीन बिऱ्हाडांना १३ अंश पूर्वेचा हॉटबर्ड हवा असेल, तर त्यांनी बैठकीत किती वेळा हात वर करायचा?

अभिरुची नावाचा शेजारी

नियमाचा कॅमेरा रस्त्यावर गेला कसा, याला इतिहास आहे. फेब्रुवारी १९८९मध्ये रूपर्ट मर्डॉक यांच्या 'स्काय'ने ब्रिटनमध्ये प्रक्षेपण सुरू केलं. पुढच्या वर्षी 'बीएसबी' ही प्रतिस्पर्धी कंपनी आली. तिची अँटेना चौकोनी, चपटी होती आणि लोक तिला 'स्क्वेरियल' म्हणत. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि चौकोनाचा खेळ संपला. गोल डिश उरली. ती सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त दिसू लागली ती कामगार वस्त्यांमध्ये आणि कौन्सिलच्या घरांवर. पाहता पाहता डिश म्हणजे हलक्या वर्गाची खूण असं समीकरण झालं.

टीव्हीच्या अभ्यासक शार्लट ब्रन्सडन यांनी १९९१ साली 'न्यू फॉर्मेशन्स' या नियतकालिकात नेमक्या याच विषयावर निबंध लिहिला, डिश आणि अभिरुचीच्या भूदृश्यांबद्दल. डिशवरचं भांडण वरवर इमारतीच्या सौंदर्याचं असतं. प्रत्यक्षात ते कोणाची आवड सभ्य मानायची याचं असतं, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. छपरावरचा जुना काटेरी एरियल काही सुंदर नव्हता. पण तो सगळ्यांकडे होता, म्हणून तो कोणाला दिसत नव्हता. डिश 'त्यांच्या'कडे होती, म्हणून ती दिसली.

स्वयंपाकघरातून बाहेर आलेला हात

कॅमेरा घराच्या आत ठेवला तर काय होतं? त्यासाठी स्वीडनला जायला हवं.

स्टॉकहोमच्या रिंकेबी या उपनगरात इराकमधून आलेलं एक कुटुंब भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतं. आई, वडील, तीन मुलं. १९९९मध्ये ते राहायला आले तेव्हा भिंतीवर डिश होती आणि तिच्यावर अरबी आणि फारसी कार्यक्रम दिसत. बाहेर अँटेना लावायची नाही असं भाडेकरारात होतं, पण कोणी काही बोललं नाही. पुढे मालक बदलला. नव्या मालकाने डिश काढायला सांगितलं. कुटुंबाने ती भिंतीवरून काढली आणि स्वयंपाकघरात एक लोखंडी स्टँड उभा केला. स्टँडचा हात उघड्या छोट्या खिडकीतून बाहेर, आणि हाताच्या टोकाला डिश. भिंतीला खिळासुद्धा नाही. प्रकरण कोर्टात गेलं. अपील कोर्टाने निकाल मालकाच्या बाजूने दिला. डिश काढा आणि राहा, असा पर्याय होता. कुटुंबाने डिश निवडली आणि २००६मध्ये घर सोडून दुसऱ्या गावी गेलं.

टीव्हीसाठी घर सोडलं, हे ऐकून आपल्याला हसू येऊ शकतं. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाला आलं नाही. डिसेंबर २००८मध्ये त्याने एकमताने सांगितलं की इथे माहिती मिळवण्याच्या स्वातंत्र्याचा भंग झाला. या स्वातंत्र्यात राजकीय बातम्या येतात तशी संस्कृती आणि करमणूकही येते. तीन मुलांच्या स्थलांतरित कुटुंबाला मायदेशाच्या भाषेशी आणि संस्कृतीशी नातं ठेवायचं असेल, तर परदेशी वर्तमानपत्र आणि रेडिओ हा टीव्हीला पर्याय होऊ शकत नाही. करार खासगी होता म्हणून राज्याची जबाबदारी संपत नाही, कारण त्या करारावर शिक्का राज्याच्याच कोर्टाने मारला.

जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९९४मध्येच अशी दिशा दाखवली होती. इमारतीत केबल आहे, मग डिश कशाला, असं घरमालक म्हणत होता. भाडेकरू तुर्की होता आणि केबलवर त्याला हव्या त्या वाहिन्या नव्हत्या. मायदेशाकडून माहिती मिळवण्यातलं त्याचं हित खालच्या कोर्टांनी तोललंच नाही, असं न्यायालय म्हणालं.

अमेरिकेने तर पारडंच उलटं केलं. १९९६च्या दूरसंचार कायद्यानुसार तिथल्या 'एफसीसी'ने नियम केला की एक मीटरपर्यंतच्या डिशवर पालिका, घरमालक किंवा रहिवासी संघटना असं कोणतंही बंधन घालू शकत नाही, ज्याने डिश लावायला विनाकारण उशीर होतो, खर्च वाढतो किंवा नीट सिग्नल मिळणं अशक्य होतं. बंधन योग्य आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बंधन घालणाऱ्यावर. इंग्लंडचा नियम विचारतो, डिश कशी दिसते? अमेरिकेचा नियम विचारतो, डिशला दिसतं का?

तरी दुसरी बाजू

अमेरिकेचा नियम म्हणजे स्वर्ग नव्हे. तो लागू होतो तुमच्या एकट्याच्या ताब्यातल्या जागेला. भाडेकरूची बाल्कनी चालते. सामायिक गच्ची आणि बाहेरची भिंत त्यात येत नाही. बाल्कनी उत्तरेला असेल तर तुमचा हक्क कागदावर शाबूत आणि पडदा काळा. सुरक्षितता आणि ऐतिहासिक वारसा यांसाठी त्यातही अपवाद आहेत, आणि ते असायलाच हवेत.

स्ट्रासबर्गच्या निकालातही एक जागा मला खटकते. सौंदर्याचा मुद्दा तोलताना न्यायालय म्हणतं की ही इमारत उपनगरातली, दिसण्याबद्दल विशेष आकांक्षा नसलेली होती. म्हणजे घराच्या आत गेलेलं न्यायालयही क्षणभर बाहेर येऊन रस्त्यावर उभं राहिलं. मग इमारत देखणी असती तर? त्या मुलांची अरबीची गरज कमी झाली असती का? देखण्या इमारतीत राहणाऱ्या गरीब भाडेकरूचं काय, हा प्रश्न निकालाने उघडाच ठेवला.

आणि रस्त्यावरून जाणाऱ्याचाही काही हक्क आहेच. बाथसारख्या शहरातल्या एकसंध दगडी रांगेवर शंभर डिश उगवल्या तर जे हरवेल ते सगळ्यांचं हरवेल. माझा आक्षेप सौंदर्य मोजण्याला नाही. दुसऱ्या बाजूचं काही मोजलंच जात नाही, याला आहे.

आपली गच्ची

आपल्याकडे हे भांडण नियोजन कायद्याच्या पुस्तकात कमी आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये जास्त होतं. गावाकडे जिला सरळ 'छत्री' म्हणतात ती इथे 'एलिव्हेशन खराब करणारी वस्तू' होते. भूमिती आपल्यालाही चुकत नाही. डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. मुंबई-पुण्यातून त्यासाठी आग्नेयेकडे, साधारण ५८ अंश वर बघावं लागतं. इतक्या वर बघायचं तर वरच्या मजल्याचा छज्जा आडवा येतो, म्हणून डिश ग्रिलच्या बाहेर लोंबते. ज्याचा फ्लॅट वायव्येला आहे त्याला गच्चीशिवाय मार्ग नाही, आणि गच्चीची किल्ली कमिटीकडे. डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही. म्हणजे गच्चीवर 'नाही' म्हटल्याचा फटका बसतो तो बहुधा ज्याला दरमहा पैसे भरणं जड जातं त्यालाच.

आता कशाला हे सगळं?

इंटरनेटवर सगळं मिळतं, मग डिशचा वाद आता जुना झाला, असं म्हणता येईल. 'स्काय'नेच २०२१मध्ये डिश न लागणारा टीव्ही बाजारात आणला. गरज संपली की डिश काढा ही क्लास एचची अट आता जास्त महत्त्वाची होईल, कारण भिंतींवर मेलेल्या डिशच जास्त उरतील.

पण वाद मेलेला नाही. स्टारलिंकची चपटी अँटेनाही शेवटी उपग्रहाचीच अँटेना, आणि तिलाही मोकळं आकाश लागतं. उद्या सोलर पॅनल, हीट पंप, गाडीचा चार्जर, कपडे वाळत घालायची दोरी, प्रत्येक वेळी हाच प्रश्न येईल. घरात राहणाऱ्याची गरज आणि रस्त्यावरून दिसणारं चित्र. प्रत्येक वेळी नियम लिहिणारा कुठे उभा राहतो यावर उत्तर ठरेल.

क्लास एच फाडून टाकायची गरज नाही. तीन दुरुस्त्या पुरतील. संरक्षित भागातल्या बंधनाला एक शेपूट जोडा: 'दुसऱ्या कोणत्याही व्यवहार्य जागेवरून सिग्नल मिळत असेल तर'. दुसरी, इमारतीतली संख्या मोजताना बिऱ्हाडांची संख्याही मोजा. तिसरी, सामायिक डिश पुढे करून वैयक्तिक डिश नाकारायची असेल, तर त्या सामायिक डिशवर मागणाऱ्याची वाहिनी दिसते का हे आधी तपासा.

पहिल्या दुरुस्तीतला 'व्यवहार्य' हा शब्द नवा नाही. तो क्लास एचमध्ये आधीपासून आहे, बाह्यरूप जपण्याच्या अटीत. तिथे तो डिश लावणाऱ्याला सांभाळून घेतो: रूप जप, पण तुला जमेल तितकंच. हेच सांभाळून घेणं उत्तरेकडच्या रांगेतल्या घरांपर्यंत पोहोचवायचं आहे.